पिशवीतले सत्तेचाळीस स्क्रू

बालाघाट जिल्ह्यात पाळी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भरवेलीची मँगनीज खाण आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत मोडते. मलाजखंडला तांब्याची खाण आहे. दोन्हीकडे माणसांचं जेवण, झोप, लग्नकार्य सगळं पाळीच्या हिशोबानं चालतं. खाणीतला मेट, म्हणजे तुकडीचा मुकादम, पाळी संपवून वर येतो तेव्हा खाली काय पाहिलं, छत कुठे कच्चं वाटलं, हे लिहून त्याखाली सही करतो. ही नोंद कायद्यानं बंधनकारक आहे, आणि ती का लागते हे खाणकामगाराच्या घरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. खाली उतरणाऱ्याला आधीच्यानं काय पाहिलं ते कळलं नाही, तर तो आंधळाच उतरतो.

याच पट्ट्यातली, म्हणजे बालाघाट, गोंदिया, भंडाऱ्याकडची आयटीआय झालेली पोरं आता आणखी एका ठिकाणी पाळी शोधतात. ते ठिकाण आहे नागपूर विमानतळालगतचा मिहान हा प्रकल्प. तिथे विमानांची देखभाल-दुरुस्ती करणारी हँगरं उभी आहेत, आणि तिथलाही सगळ्यांत नाजूक क्षण पाळी बदलण्याचाच आहे. गेल्या काही वर्षांत या उद्योगात सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली रुजवली जात आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला ‘एसएमएस’ म्हणतात. हा लेख तिच्याबद्दल आहे. नाव रुक्ष आहे आणि कागद ढीगभर आहेत, पण आत एक फार मानवी प्रश्न दडलेला आहे: ज्याच्या हातून चूक झाली, किंवा ज्यानं दुसऱ्याची चूक पाहिली, तो तोंड उघडेल का?

नागपूरचं विमानांशी नातं जुनं आहे, आणि तेही रात्रीचं. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत परत निघत. देशाच्या मधोमध असण्याचा तो फायदा होता. मिहानची कल्पनाही त्याच भूगोलावर उभी राहिली. एअर इंडियानं २००६ च्या सुमारास बोइंगला ६८ विमानांची मोठी मागणी नोंदवली. त्या व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगनं भारतात दुरुस्ती केंद्र उभारण्यासाठी सुमारे १० कोटी डॉलर गुंतवायचं कबूल केलं, आणि जागा ठरली नागपूर. पन्नास एकरांवर दोन प्रचंड हँगरं उभी राहिली. धावपट्टीपासून हँगरपर्यंत विमान आणणारा टॅक्सीवे व्हायला वेळ लागला, आणि शेवटी २०१५ मध्ये काम सुरू झालं. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे गेली, पण हे केंद्र चालवणारी एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ही कंपनी सरकारकडेच राहिली. शेजारी इंदामेर टेक्निक्सचं केंद्र आहे. तीस एकरांवर दहा हँगरं, पंधरा विमानं एका वेळी उभी राहतील एवढी जागा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अदानी समूहानं भागीदारासह ही कंपनी विकत घेण्याचं जाहीर केलं. विमान दुरुस्तीवरचा जीएसटी २०२० मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हापासून या धंद्यात पैसा येतो आहे. परदेशी जाणारी कामं इथे वळावीत अशी सरकारची इच्छा आहे. म्हणजे हँगरं वाढणार, हात वाढणार, नवी पोरं भरती होणार. चुकीबद्दल तोंड उघडण्याचा हा प्रश्न आजच विचारायला हवा, तो त्यामुळे.

आत काय चालतं ते आधी पाहू. विमान ठराविक उड्डाणांनंतर, तासांनंतर किंवा महिन्यांनंतर तपासणीला येतं. छोट्या तपासण्या विमानतळावरच रातोरात उरकतात. सी-चेकसारख्या मोठ्या तपासणीला विमान कित्येक दिवस हँगरमध्ये राहतं. भोवती डॉकिंगचे मजले चढतात, आतल्या खुर्च्या, गालिचे, भिंतींचे पत्रे निघतात, पंखांवरची झाकणं उघडतात, आणि कुठे गंज धरला आहे, कुठे तडा गेला आहे हे शोधलं जातं. प्रत्येक कामाचं एक टास्क कार्ड असतं. काम करणारा टेक्निशियन त्यावर सही करतो आणि परवानाधारक इंजिनिअर, ज्याला सगळे ‘एएमई’ म्हणतात, तो तपासून प्रमाणित करतो. सगळी कार्डं बंद झाली की विमान सेवेत सोडण्याचा दाखला निघतो. त्याला नुसतं ‘रिलीज’ म्हणतात. त्या दाखल्यावर एका माणसाची सही असते, आणि त्याचा परवाना त्या सहीला बांधलेला असतो.

हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या या सहीवरच उभा राहिला. काही बिघडलं की चौकशी तिच्यापाशी जायची आणि बहुधा तिथेच थांबायची. कुणी केलं? अमक्यानं. मग त्याचा परवाना निलंबित करा, बदली करा, प्रकरण बंद.

पण दुरुस्तीच्या कामाचा स्वभावच असा आहे की चांगल्या माणसाच्या हातूनही चूक व्हावी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी याचं एक उदाहरण दिलं आहे. एका बोल्टवर आठ नट ओळीनं चढवलेले आहेत, प्रत्येकाची जागा ठरलेली. ते काढायचा क्रम एकच. परत चढवताना मात्र ४०,३२० क्रम शक्य आहेत, आणि त्यातला एकच बरोबर. उघडणाऱ्याला पुढची पायरी वस्तूच सांगते. जोडणाऱ्याला ती आठवावी लागते किंवा कागदावरून वाचावी लागते. त्यात रात्रीचे तीन वाजलेले, डॉकिंगवरचा दिवा एका बाजूला, फोरमन विचारतोय किती वेळ लागेल, आणि सकाळी सहाला विमान लागतं आहे. देखभालीतल्या चुकांचा मोठा वाटा जोडणीचा असतो: काहीतरी बसवायचं राहिलं, चुकीचं बसलं, किंवा पुरेसं घट्ट झालं नाही.

याचं सगळ्यांत बोलकं प्रकरण अमेरिकेतलं आहे. १० सप्टेंबर १९९१ च्या रात्री ह्यूस्टनमध्ये कॉन्टिनेन्टल एक्सप्रेसचं एम्ब्रायर १२० जातीचं छोटं विमान हँगरमध्ये होतं. शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेवर बर्फ साचू नये म्हणून रबरी पट्ट्या असतात. त्या बदलायच्या होत्या. संध्याकाळच्या पाळीत दोन्ही बाजूंचे वरचे स्क्रू निघाले. उजव्या बाजूचं काम पुढे सरकलं. डाव्या बाजूचं त्या रात्री होणार नाही असं नंतर ठरलं, पण तिच्या वरच्या अंगाचे ४७ स्क्रू तोवर निघून पिशवीत गेले होते. पाळी बदलली. ही गोष्ट नोंदीतून आणि तोंडी निरोपातून पुढच्या पाळीपर्यंत नीट पोहोचली नाही. दुसऱ्या विमानाला जागा करायला हे विमान हँगरबाहेर अंधारात नेलं गेलं. या विमानाची शेपटी इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी, आडवा पंख अगदी वर. खालून पाहणाऱ्याला वरच्या अंगाचे स्क्रू दिसणंच शक्य नव्हतं. सकाळी विमान उडालं, लारेडोला सुखरूप पोहोचलं. परतीच्या वाटेवर ह्यूस्टनकडे उतरताना ईगल लेकजवळ ती पुढची कड उखडली आणि विमान कोसळलं. विमानातले चौदाच्या चौदा जण गेले.

चौकशी मंडळाच्या बहुमतानं कारण लिहिलं ते असं की देखभाल आणि तपासणी करणाऱ्यांनी ठरलेल्या पद्धती पाळल्या नाहीत. मंडळाचे एक सदस्य जॉन लॉबर यांनी वेगळं मत नोंदवलं. त्यांचं म्हणणं होतं की पद्धती पाळल्या जाव्यात असं वातावरण व्यवस्थापनानं घडवलं नाही, हेही कारणांत लिहिलं पाहिजे. त्या रात्री चूक एकाच्या हातून झालीच नव्हती. पर्यवेक्षक, निरीक्षक, मेकॅनिक, अशा अनेकांच्या हातून थोडी थोडी निसटली होती. एवढी माणसं एकाच रात्री एकाच प्रकारे निसटतात, तेव्हा ती कामाची नेहमीचीच पद्धत असते. लॉबर यांचं मत त्या वेळी एकट्याचं होतं. आजच्या सुरक्षा व्यवस्थापनाचा गाभा मात्र त्यांच्या त्या असहमतीत सापडतो, असं मला वाटतं.

त्याच्या आदल्या वर्षी, १० जून १९९० ला, ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची समोरची काच हवेतच निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, आणि कॅप्टनसह सगळे वाचले. काच बदलून फार तर सव्वा दिवस झाला होता. नव्वद बोल्टांपैकी चौऱ्याऐंशी किंचित बारीक व्यासाचे बसवले गेले होते. जुना बोल्ट हातात धरून, नजरेनं जुळवून, पहाटेच्या वेळी ते निवडले होते, तेही पाळीच्या मुख्य माणसानं स्वतः. तो कामचुकार नव्हता. विमान वेळेवर जावं म्हणून हे काम त्यानं अंगावर घेतलं होतं. आपल्या हँगरांतही अशी माणसं आहेत आणि संस्था त्यांच्या जिवावर चालतात. म्हणून हे प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं.

आता नियमांकडे येऊ. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे आयकाओनं, सुरक्षा व्यवस्थापनासाठी स्वतंत्र परिशिष्ट केलं: एकोणिसावं. ते २०१३ मध्ये मंजूर होऊन त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून लागू झालं. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, त्याआधीच, २०१० मध्ये, यासाठीची नियमावली काढली होती, आणि विमान कंपन्यांबरोबर मान्यताप्राप्त देखभाल संस्थाही तिच्या कक्षेत घेतल्या होत्या. युरोपनं दुरुस्ती संस्थांना ही सक्ती २ डिसेंबर २०२२ पासून केली आणि जुळवून घ्यायला दोन वर्षं दिली. अमेरिकेनं २०२४ मध्ये आपला नियम विस्तारला, पण स्वतंत्र दुरुस्ती केंद्रांना तो बंधनकारक केला नाही. ज्यांना हवं त्यांनी स्वेच्छेनं यावं, असं ठेवलं. ईगल लेक ज्या देशात घडलं, त्या देशानं दुरुस्ती केंद्रं सक्तीबाहेर ठेवावीत, हे मला पटत नाही. कागदावर आपण याबाबतीत पुढे आहोत, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

या प्रणालीच्या नियमावलीत चार खांब आणि बारा घटक आहेत. ते सगळे इथे उतरवण्यापेक्षा एक प्रसंग घेऊ. समजा, रात्रपाळीतल्या टेक्निशियनच्या लक्षात आलं की आपण वापरत असलेल्या टॉर्क रेंचची कॅलिब्रेशनची तारीख आठ दिवसांपूर्वीच उलटली आहे. टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळायचा ते मोजून सांगणारा पाना. तो चुकीचं मोजत असेल, तर बोल्ट सैल राहील किंवा गरजेपेक्षा जास्त ताणला जाईल. जुन्या रिवाजात टेक्निशियन काय करेल? पाना गुपचूप टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, ठेवील, दुसरा घेईल. फार तर दोस्ताला सांगेल. लेखी कळवलं तर पहिला मेमो त्यालाच, कारण वापरण्याआधी तारीख बघणं त्याचं काम होतं.

प्रणाली खरोखर चालत असेल, तर तो एक साधा फॉर्म भरतो किंवा फोनवरून कळवतो. सुरक्षा विभाग आधी हे शोधतो की त्या आठ दिवसांत तो पाना कोणत्या विमानांच्या कोणत्या कामांत वापरला गेला. टूल क्रिबच्या नोंदी चोख असतील तर हे तासाभरात कळतं. मग धोका मोजायचा. त्यासाठी तक्ता असतो: घडण्याची शक्यता १ ते ५, परिणामाची तीव्रता ए ते ई. आसनाखालचा बोल्ट असेल तर एक उत्तर, उड्डाण-नियंत्रणाच्या जोडातला असेल तर दुसरं. नियंत्रणाच्या जोडातला असेल तर विमान थांबवायचं, बोल्ट पुन्हा तपासायचे. एवढं झालं की विचारायचं, मुदत संपलेला पाना क्रिबमधून बाहेर गेलाच कसा? कदाचित त्या मापाचा पाना एकच आहे, आणि कॅलिब्रेशनला पाठवला की परत यायला वेळ लागतो, म्हणून क्रिबवाला तो शेवटच्या दिवसापर्यंत, आणि नंतरही, धरून ठेवतो. मग इलाज दुसरा पाना विकत घेणं हा आहे. टेक्निशियनला कितीही मेमो दिले तरी पाना एकचा दोन होत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं, असा प्रसंग परत आला का. आणि हे सगळं नोटिस बोर्डावर, सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सांगायचं, म्हणजे कळवल्यानं काय झालं ते सगळ्यांना दिसेल.

दुसरा पाना विकत घ्यायचा तर पैसे कोण देणार? इथे प्रणालीतली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी तरतूद येते. प्रत्येक संस्थेत एक ‘अकाउंटेबल मॅनेजर’ असावा लागतो, आणि तो पैसा व माणसं देण्याचा अधिकार असलेलाच असावा लागतो. सुरक्षा अधिकाऱ्याला थेट त्याच्यापर्यंत जाता आलं पाहिजे. अपघात झाला तर ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणायची सोय त्याला राहू नये, हा हेतू. कितीतरी धोक्यांचं मूळ पैशात आणि वेळात असतं. विमान जमिनीवर अडकलं की या धंद्यात त्याला ‘एओजी’ म्हणतात, आणि ती तीन अक्षरं ऐकली की सगळ्यांची चाल बदलते. त्या घाईचा भार रात्रपाळीच्या टेक्निशियनच्या खांद्यावर येतो. वेळापत्रक ठरवणारा तेव्हा घरी झोपलेला असतो. नव्या प्रणालीनं कागदोपत्री तरी त्याला जागं केलं आहे.

प्रत्यक्षात किती, हे जून २०२५ नं दाखवलं. १२ जूनला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. त्यानंतर डीजीसीएच्या पथकांनी दिल्ली, मुंबईसह मोठ्या विमानतळांवर पाहणी केली. तिचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यांचा अहमदाबादच्या अपघाताच्या कारणाशी संबंध जोडणं चूक ठरेल. ती सर्वसाधारण तपासणी होती. पण त्यात जे सापडलं ते आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर आहे. देखभाल करताना वर्क ऑर्डर पाळली गेली नव्हती. टूल कंट्रोलची पद्धत पाळली गेली नव्हती. विमानाच्या यंत्रणेनं दाखवलेले दोष टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दोष-नोंदवहीत, उतरवलेले नव्हते. तोच दोष त्याच विमानात पुन्हा पुन्हा दिसत होता. एक विमान झिजलेल्या टायरमुळे थांबवावं लागलं. ज्या संस्थांकडे सुरक्षा व्यवस्थापनाचे जाडजूड मॅन्युअल आहेत, त्यांच्याकडेच हे सापडलं. दोष यंत्रणेनं दाखवला तरी तो लॉगमध्ये चढत नाही, याचा अर्थ चढवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. विमान थांबेल, उशीर होईल, आणि कुणीतरी विचारेल, आत्ताच कशाला लिहिलंस?

बोइंगनं १९९० च्या दशकात देखभालीतल्या चुकांच्या तपासासाठी ‘मेडा’ नावाची पद्धत तयार केली. तिची पहिली धारणाच अशी की टेक्निशियन मुद्दाम चूक करत नाही. चुकीला हातभार लावणाऱ्या गोष्टी असतात, आणि त्यांतल्या बहुतेक व्यवस्थापनाच्या हातात असतात. अपुरा उजेड, कळत नाही असं मॅन्युअल, न मिळालेलं योग्य हत्यार, अर्धवट निरोप. मग गुन्हा आणि चूक यांत फरक कसा करायचा? त्यासाठी एक कसोटी वापरतात: त्याच शिक्षणाचा, त्याच अनुभवाचा दुसरा माणूस त्याच रात्री त्याच परिस्थितीत असता, तर त्यानंही असंच केलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर माणूस बदलून काही साधत नाही, परिस्थिती बदलावी लागते. न केलेल्या तपासणीवर सही ठोकणं, दारू पिऊन कामावर येणं, हे या कसोटीला उतरत नाही, आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. रेघ कुठे आहे हे आधी सांगितलेलं असावं लागतं. घटना घडल्यावर साहेबांच्या मूडप्रमाणे रेघ सरकत असेल, तर कुणी काही कळवणार नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, आणि ती परदेशी मॅन्युअलमध्ये या रूपात सापडणार नाही. हँगरमध्ये नवं आलेलं पोरगं पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसाला ‘काका’ म्हणतं, ‘भाऊ’ म्हणतं. त्यांनीच त्याला हात धरून शिकवलेलं असतं. कधी नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकलेला असतो, गावही शेजारचं असतं. काकांनी टास्क कार्ड न उघडता आठवणीनं काम उरकलं, तर पोरगं काय बोलणार? ‘काका, कार्ड बघू या का’ हे पाच शब्द उच्चारायला त्याला जेवढं बळ लागतं, तेवढं कुठल्याही प्रशिक्षणात मोजलं जात नाही. हा आदर वाईट नाही. याच आदरातून आपल्याकडे कारागिरी पुढच्या पिढीकडे जाते. म्हणून मला वाटतं सुरुवात काकांनी करायची असते. अनुभवी इंजिनिअरनं सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगावं, काल रात्री माझ्याकडून हे निसटत होतं, अमक्या पोरानं पकडलं. असं दोनदा घडलं तरी पोरांना पुढचं वेगळं सांगावं लागणार नाही.

मोठ्या केंद्रात निदान गर्दीचा आडोसा असतो. निनावी कळवलं तर कुणी लिहिलं ते ओळखू येत नाही. खरा पेच छोट्या जागेत आहे, आणि छोटी जागा बालाघाटपासून दूर नाही. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर गोंदियाचा बिरसी विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी, आता तिथे प्रवासी विमानंही उतरतात आणि शिकाऊ वैमानिकही उडतात. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातल्या भक्कूटोल्याच्या डोंगरात कोसळलं. शिकवणारा आणि शिकणारी, दोघेही गेले. त्या दिवशी बालाघाटकरांना आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या छोट्या विमानांची फार जवळून जाणीव झाली. त्या अपघाताला देखभालीशी जोडायला माझ्याकडे आधार नाही आणि तसं मी करणार नाही. पण ही विमानं रोज उडतात, ठराविक तासांनी तपासणीला येतात, आणि कुठल्याही छोट्या धावपट्टीवर हे काम मूठभर माणसं करतात.

मूठभर माणसांत निनावी पत्राला अर्थ उरत नाही. अक्षर ओळखू येतं, भाषा ओळखू येते, कालच्या पाळीला कोण होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. सुरक्षा अधिकारी, गुणवत्ता पाहणारा आणि कधीकधी सही करणारा, यांतले दोघे एकाच चहाच्या टपरीवर बसतात. मोठ्या कंपनीचं मॅन्युअल उचलून अशा ठिकाणी लावलं तर ते कपाटात जातं आणि तपासणीच्या दिवशी धूळ झटकून बाहेर येतं. प्रणाली संस्थेच्या आकाराप्रमाणे असावी, हे नियमही सांगतात. छोट्या ठिकाणी तिला तक्त्यांची आणि समित्यांची गरज कमी आहे. एक वही हवी, तिच्यात रोज काहीतरी लिहिलं जायला हवं, आणि मालकानं आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर बसून ती वाचायला हवी. वही कोरी असेल तर त्यानं काळजी करावी. तपासणी चालू असलेल्या विमानात एका महिन्यात एकही शंका येत नसेल, तर शंका येत नाहीत असं नाही. त्या लिहिल्या जात नाहीत, एवढंच.

हे प्रश्न उडणाऱ्यांच्या जिवापुरते आहेत असं वाटत असेल तर तसंही नाही. २०१५ च्या डिसेंबरमध्ये मुंबई विमानतळावर एका देखभाल कर्मचाऱ्याचा चालू इंजिनात ओढला जाऊन मृत्यू झाला. जुलै २०१९ मध्ये कोलकात्यात रात्रीच्या वेळी विमानाच्या चाकांच्या खोबणीत काम करणारा तरुण टेक्निशियन, हायड्रॉलिक दाबानं दार बंद होऊन गेला. त्या दाराच्या जवळ काम करताना कुलूपपट्टी लावलेली असावी, वर कुणी बटण दाबू नये, खाली कोण आहे हे वरच्याला ठाऊक असावं, या सगळ्या पाळीत सांगायच्या आणि लिहायच्या गोष्टी आहेत. बालाघाट-गोंदियाहून हँगरमध्ये जाणाऱ्या पोरांच्या आईबापांनी हेही विचारायला हवं, की तिथे पोरगं ‘थांबा’ म्हणालं तर थांबतात का.

नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दासो कंपनीच्या मदतीनं विमानाच्या सांगाड्याच्या कामाचा खास अभ्यासक्रम सुरू झाला आहे. रिव्हेट कसा ठोकायचा, पत्रा कसा जोडायचा, हे हातानं शिकवणं गरजेचंच आहे. १९८५ मध्ये जपानचं जंबो जेट कोसळून ५२० माणसं गेली, ती सात वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत शेपटीकडच्या दाबभिंतीवर रिव्हेटांच्या दोन ओळींऐवजी एकच ओळ काम करत राहिली म्हणून. अशा अभ्यासक्रमात रोज शेवटची पंधरा मिनिटं पाळी सोपवण्याला द्यावीत, असं मला मनापासून वाटतं. एका तुकडीनं अर्धवट सोडलेलं काम दुसऱ्या तुकडीनं फक्त लेखी नोंदीवरून पुरं करायचं. निघालेले स्क्रू किती, कुठल्या पिशवीत, पिशवी कुठे बांधली, कोणतं झाकण उघडं आहे, कोणतं काम ठरलं होतं आणि पुढे ढकललं गेलं. नोंद अपुरी निघाली तर दोन्ही तुकड्यांनी मिळून ती दुरुस्त करायची, गुण दोघांचे एकत्र. आणि नागपूर, गोंदिया, जबलपूर, रायपूर या टापूतल्या छोट्या देखभाल संस्थांनी मिळून एक सुरक्षा अधिकारी नेमावा. तो कुठल्याच एका मालकाचा नोकर नसावा, महिन्यातून एकदा प्रत्येक धावपट्टीवर जावा, आणि बिरसीच्या टेक्निशियननं जे सांगितलं ते बिरसीचं नाव न घेता जबलपूरच्या हँगरमध्ये वाचून दाखवावं. त्याचा पगार चौघांत वाटला तर कुणालाच जड जाणार नाही. त्याला फोन करायचा नंबर टूल क्रिबच्या दारावर मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा, आणि रात्री तीन वाजता तो उचलला जावा.